सांगलीत गॅलार्डो: आधी फिटर, मग गाडी

विश्रामबाग, सांगली इथून एका वाचकाचं पत्र आलंय. हळदीचा व्यापार, वय सदतीस, नाव छापू नका म्हणाले आहेत. पत्र चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"शाळेच्या वहीवर चिकटवलेल्या स्टिकरपासून हे वेड आहे. आता मुंबईतल्या एका डीलरकडे २०११ ची लॅम्बॉर्गिनी गॅलार्डो आली आहे. एलपी ५६०-४, ई-गिअर, पिवळा रंग, १९ हजार किलोमीटर, तिसरा मालक, पासिंग पुद्दुचेरीचं. एक कोटी पाच लाख सांगतोय, थोडा खाली येईल. कर्ज काढणार नाही. वडील म्हणतात, पांढरा हत्ती दारात बांधू नकोस. बायको काहीच बोलत नाही, म्हणजे तिचंही मत तेच. मित्र म्हणतो पोर्श घे, ती बिघडत नाही. पण पोर्श बघून कोणी मान वळवत नाही. या गाड्या खरंच इतक्या बिघडतात का? वर्षाला खर्च किती धरू? सीए म्हणतो फर्मच्या नावावर घ्या, ते बरं का? आणि बंगल्याच्या पार्किंगला चढ आहे, त्यामुळे गाडी गावभागातल्या जुन्या घराच्या गाळ्यात ठेवायचा विचार आहे, चालेल ना?"

नमस्कार शेठ.

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. ही गाडी घेऊ नका. अशी गाडीच घेऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. पैसा तुमचा, कर्ज नाही, घरात कोणाचं अडणार नाही. हौसेला मोल नसतं हे सांगायला सल्लागार लागत नाही. माझा आक्षेप किमतीवर नाहीच. ही गाडी राहणार कुठे, तिला बघणार कोण आणि तिचे कागद कसले, यावर आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. गॅलार्डोपुरतं बोलायचं तर लोक समजतात तेवढी ती बिघडत नाही. १९९८ साली लॅम्बॉर्गिनी ऑडीच्या ताब्यात गेली आणि २००३ मध्ये आलेली गॅलार्डो ही त्या नव्या मालकाच्या शिस्तीत घडलेली गाडी आहे. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी जर्मनीत नेकार्सुल्मला तयार व्हायची आणि जोडणी इटलीत सांतआगाताला. २०१३ पर्यंत १४,०२२ गाड्या निघाल्या. इतक्या संख्येनं निघालेल्या गाडीची दुखणी जगाला पाठ असतात, हा मोठा फायदा. तुम्ही बघताय त्या मॉडेलात ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवायला, बेल्ट नाही, चेन आहे. जुन्या फेरारीवाल्यांची निम्मी रड बेल्टची असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तो बेल्ट नुसता किलोमीटर बघून बदलत नाहीत, वर्षं बघूनही बदलतात. गाडी शेडमधून हलली नसली तरी बिल येतंच. एफ ४३० पासून फेरारीनंही चेन घातली.

महाग गाडी म्हणजे निर्दोष गाडी, हा भ्रम मात्र काढून टाका. २०१० मध्ये फेरारी ४५८ परत बोलवाव्या लागल्या, कारण चाकाच्या कमानीतला गोंद उष्णतेनं पेट घेत होता. पोर्शनं २०१४ मध्ये ९११ जीटी३ च्या ७८५ गाड्यांची अख्खी इंजिनं बदलून दिली. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सुटून दोन गाड्या जळाल्या होत्या. कंपनीनं तेव्हा मालकांना सांगितलं की गाडी चालवूच नका, आम्ही घेऊन जातो. नव्या गाडीला असं काही झालं तर कंपनी निस्तरते. तिसऱ्या मालकाच्या बाबतीत ते त्याच्या गळ्यात येतं.

तुमच्या गाडीचं खरं दुखणं इंजिनात नाही, ई-गिअरमध्ये आहे. ऑटोमॅटिक म्हणून विकत असले तरी आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट आहे. फक्त क्लच दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप करतो आणि किती दाबायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. घाईनं सरळ पळणाऱ्या गाडीत तो झकास काम करतो. पण गर्दीत इंच इंच सरकताना, चढावर थांबून पुन्हा निघताना आणि विशेषतः रिव्हर्समध्ये तो बिचारा हाफ क्लचवर लटकत राहतो. दोन क्लचवाला सुधारलेला गिअरबॉक्स पुढच्या मॉडेलात, २०१४ च्या हुराकानमध्ये आला.

बंगल्याच्या पार्किंगला चढ आहे हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या मते चार पानांतलं सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे. डोळ्यांसमोर आणा: संध्याकाळी तुम्ही घरी आलात, गेटमधून नाक आत घालता येत नाही कारण रॅम्पच्या टोकाला पुढचा बंपर टेकतोय. म्हणून गाडी वळवून उलटी चढवताय. मागचं दिसत नाही. वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या, बास" करतोय. तुम्ही दोन फूट जाता, थांबता, पुन्हा दोन फूट. प्रत्येक वेळी प्लेट घासते. अशा चार-पाच खेपांतच पोर्चमध्ये जळकट वास येईल. तो ब्रेकचा वास नसतो. अशा वापरात क्लच काही हजार किलोमीटरमध्ये संपल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि जपून चालवणाऱ्याकडे तोच क्लच कित्येक पट टिकलाय. म्हणून ओडोमीटरवरचे १९ हजार हा आकडा मला काहीच सांगत नाही. ते किलोमीटर मरीन ड्राइव्हला पहाटे झालेत की अंधेरीच्या सिग्नलवर, हे विचारा.

सुदैवानं ते विचारायचं यंत्र आहे. कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर जोडला की क्लच किती झिजलाय याचं रीडिंग मिळतं. डीलर म्हणेल, "सर, क्लच एकदम ओके." त्यावर समाधान मानू नका. रीडिंगचा कागद मागा, त्यावर चॅसिस नंबर आणि तारीख हवी. तोच स्कॅनर इंजिनातले साठलेले फॉल्ट कोडही दाखवतो. आदल्याच दिवशी सगळे कोड पुसलेले दिसले, तर समजून जा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे उत्तर लिहितोय, त्याकडे येतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. पेठ नाका ते कागल या पट्ट्यात ठोकलेल्या, बुडलेल्या, जळालेल्या गाड्या बघण्यात नोकरी गेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. तुमच्याकडे आहे त्या फॉर्च्युनरचा सेन्सर गेला तर सांगलीतच संध्याकाळपर्यंत काम होतं आणि तुम्ही विसरूनही जाता. तसाच सेन्सर गॅलार्डोचा गेला तर गाडी पावणेचारशे किलोमीटरवर मुंबईला न्यायची. तीही चालवत नाही, कारण डॅशबोर्डवर दिवा लागलाय. फ्लॅटबेडवर न्यायची, आणि साधा हुक लावून ओढणारा क्रेनवाला चालत नाही, तो पुढचा बंपर हातात देतो. मुंबईत नंबर लागणार, पार्ट परदेशातून येणार, आणि गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी राहणार. पार्ट कदाचित काही हजारांचाच असेल. जाण्यायेण्याचं भाडं आणि वाट बघण्यातले महिने त्याच्या कितीतरी वर जातात. मालक कंटाळतो तो याला. कंटाळला की गाडी चालवणं कमी करतो, आणि या गाड्यांना चालवणं कमी झालेलं अजिबात सोसत नाही.

उभ्या गाडीचं काय होतं याचा एक नमुना सांगतो. सातारा रोडवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक पोर्श बॉक्स्टर अडकली होती. बॅटरी पार बसलेली. पोर्शमध्ये बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि त्या वर्षांतल्या मॉडेलांत ते झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरीला हात लावायला झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडायला बॅटरी हवी. भोवती बघ्यांची गर्दी, प्रत्येकाचा सल्ला वेगळा, एक जण तर पान्ह्यानं झाकण उचकटायला निघाला होता. त्याला थांबवलं नसतं तर पत्र्याचं आणि रंगाचं काम निघालं असतं. उपाय अगदी साधा होता: ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूज बॉक्स असतो, त्यातलं लाल टर्मिनल बाहेर ओढायचं, दुसऱ्या बॅटरीची प्लस वायर त्याला आणि मायनस दाराच्या बिजागरीच्या उघड्या लोखंडाला लावायची, की किल्लीनं झाकण खट्कन उघडतं. तिथे जमलेल्यांत हे कोणाला माहीत नव्हतं, मालकालाही नाही. गाडीसोबतचं पुस्तक त्यानं कधी उघडलंच नव्हतं. पुस्तकही त्याच झाकणाखालच्या डिकीत होतं, ही त्यातली गंमत.

तुमच्या गाडीतही अलार्म आणि कॉम्प्युटर बंद गाडीतून थोडी थोडी वीज खात राहतात. दोन-तीन आठवडे हात लावला नाही तर बॅटरी मान टाकते. त्यावर बॅटरी मेंटेनर नावाचा छोटा चार्जर कायम लावून ठेवायचा असतो. म्हणजे गाडी जिथे राहील तिथे भरवशाची वीज हवी. बॅटरी बसली आणि गाडी गिअरमध्ये उभी असेल, तर ई-गिअरचा पंप चालत नाही, गिअर निघत नाही, आणि चार माणसांनी धक्का मारूनही गाडी जागची हलत नाही.

आता गावभागाचा गाळा आठवा. तुम्ही सांगलीचे आहात, तुम्हाला मी पूर काय शिकवणार? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. दोन्ही वेळा गावभागात काय झालं ते तुमच्या वाड्याच्या भिंतीवर अजून दिसत असेल. फॉर्च्युनर ऐनवेळी कोणीही काढून मिरजेकडे नेईल. जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली, गिअरमध्ये अडकलेली, बॅटरी बसलेली लॅम्बॉर्गिनी त्या रात्री बोळातून कोण काढणार? विम्याचंही ऐकून ठेवा. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं, पण पाण्यात असताना कोणी स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असल्याशिवाय इंजिनाचे पैसे मिळत नाहीत. २०१९ नंतर असे दावे फेटाळताना मालकांचे चेहरे बघितलेत मी. तेव्हा गाळा नको. बंगल्यातच ठेवायची तर आधी रॅम्प फोडून लांब आणि सपाट करून घ्या. गवंड्याचं बिल क्लचपेक्षा खूप स्वस्त पडेल.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असायला हवा. आष्ट्याच्या अलीकडे-पलीकडे तसे किती दिसतात ते तुम्हीच सांगा. गावकऱ्यांनी रात्रीत घातलेल्या उंचवट्यावर तुमच्या गाडीचं पोट टेकणार. पुढचं नाक वर उचलायची सोय काही गॅलार्डोंमध्ये आहे, ती या गाडीत आहे का आणि चालते का, हे बटण दाबून बघा. नुसतं बटण असून भागत नाही, नाक चढतं का आणि चढलेलं तिथेच राहतं का ते बघायचं. दुसरी भीती ऊसतोडीच्या हंगामाची. दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर तुम्हाला अंधारात दिसत नाही, आणि उंचावर बसलेल्या त्या ट्रॅक्टरवाल्याला तुमची कमरेएवढी गाडी शेजारी असूनही दिसत नाही. कारखाने सुरू असताना संध्याकाळनंतर ही गाडी पेठ-सांगली रस्त्यावर काढू नका. हा सल्ला विमा कंपनीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

उसावरून पेट्रोल आठवलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येतं, त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. पण २०११ साली ही गाडी बनवताना २० टक्क्यांचा विचार कोणी केला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिना महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसतं. मग पंप, इंजेक्टर, रबरी नळ्या यांची रांग लागते. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० इथेनॉल न मिसळता येतं आणि पुण्यातल्या काही पंपांवर मिळतं. म्हणजे टाकी भरायलाही पुणं. जुन्या इंधन-नळ्या आल्या आल्या बदलून घ्या, कारण मागच्या बाजूला तापलेल्या इंजिनापाशी पेट्रोलचा एक थेंब गळला तरी काय होतं हे मी फोटोंसकट बघितलंय.

कागदांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, त्यामुळे मला जास्त काळजी वाटते. पुद्दुचेरीचं पासिंग का असतं हे उघड आहे, तिथे कर कमी. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर रोड टॅक्स २० टक्के आहे, आणि कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथे नोंदणी करावीच लागते. म्हणजे मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीच्या वयाप्रमाणे निघेल तो कर, हे सगळं एमएच-१० च्या खिडकीवर तुम्हालाच करायचंय. डीलर म्हणेल, "सगळे असेच चालवतात." केरळात २०१७ मध्ये असंच चालवणाऱ्या नामवंतांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले होते. पिवळी लॅम्बॉर्गिनी सांगलीत लपणार आहे थोडीच.

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची गाडी म्हणजे ती मुदत २०२६ मध्ये संपते. त्यानंतर फिटनेस करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. देशी मोटारीला त्याची फी ५,००० रुपये आहे, आयात मोटारीला ४०,०००, आणि २० वर्षं उलटली की २०२५ च्या नव्या दरानं ८०,०००. कोटीच्या गाडीपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण डीलरनं हे तुम्हाला सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर त्यानं आणखी काय काय सांगितलं नाही याचा विचार करा. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. पहिल्या आयातीची कस्टम्सची बिल ऑफ एंट्री मागा आणि तिच्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. मुंबई-चेन्नईच्या बाजूनं फिरलेली गाडी असेल तर सीटखालचा गालिचा उचलून गंज आणि गाळ शोधा. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुरात भल्याभल्या गाड्या बुडाल्या आणि धुऊन-पुसून देशभर विकल्या गेल्या.

फर्मच्या नावावर घेण्याचं काय? आयकरात मोटारीवर १५ टक्के घसारा मिळतो, सीए म्हणतात ते खरं आहे. पण जीएसटीचं क्रेडिट अशा प्रवासी गाडीवर मिळत नाही, आणि हळदीच्या व्यापारात दोन सीटची, डिकीत एक पोतं न मावणारी गाडी कशाला लागते, हे अधिकाऱ्याला समजावताना तुमच्या सीएचं कसब लागेल. स्वतःच्या नावावर घ्या आणि निवांत झोपा.

खर्चाचा आकडा मागितलात. किलोमीटरवर हिशोब करू नका, फसाल. या गाडीचा खर्च वर्षांवर चालतो: ऑइल, ब्रेक फ्लुइड, बॅटरी, टायर हे सगळं गाडी न चालवताही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी तो टायर दगड झालेला असतो, आणि मागचा २९५/३० आर १९ काही आपल्या कॉलेज कॉर्नरच्या दुकानात टांगलेला नसतो. माझा अंदाज विचाराल तर गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दर वर्षी वेगळी ठेवा, पहिल्या वर्षी दुप्पट. पहिलं वर्ष आधीच्या मालकानं टाळलेली कामं करण्यात जातं. दुपटीच्या आकड्यानं पोटात गोळा आला, तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, विकत घेण्याइतके पैसे असले तरी.

विम्यात एक गंमत आहे. थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी मोटारींना एकच, २०२२ च्या दरपत्रकात ७,८९७ रुपये. तुमची फॉर्च्युनर आणि ही गॅलार्डो कायद्याच्या लेखी सारखीच. फरक पडतो स्वतःच्या नुकसानीत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. या गाड्यांचं पुढचं-मागचं सगळं प्लास्टिक आणि फायबर. घसारा न कापणारं झिरो डेप्रिसिएशन घेऊ म्हणाल, तर इतक्या जुन्या गाडीला ते कव्हर सहसा देत नाहीत. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत दोघांच्या संमतीनं ठरते, म्हणून ती लेखी ठरवून घ्या. हप्ता वाचवायला कमी किंमत टाकू नका.

पोर्शबद्दल तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. १९९७ ते २००८ मधल्या साध्या ९११, बॉक्स्टर आणि केमनच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग असतं. ते फुटलं की इंजिनच संपतं. आधी सूचना मिळत नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन बदललं, ते बेअरिंगच राहिलं नाही, आणि त्याच वेळी पीडीके हा दोन क्लचचा गिअरबॉक्स आला. म्हणून माझी शिफारस २००९ ते २०१२ मधली पीडीकेवाली ९११. रॅम्पवर ती ई-गिअरसारखी रडत नाही, मागे दोन छोट्या सीट आहेत, पोरं मावतात. तपासताना इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली ओव्हर-रेव्हची, म्हणजे मर्यादेबाहेर फिरवल्याची, नोंद काढायला सांगा, आधीच्या मालकानं इंजिन किती तासांपूर्वी, किती ताणलं ते त्यात लिहिलेलं असतं. मान वळवण्याचं म्हणाल, तर सांगलीत ९११ बघूनही वळतील. पुष्पराज चौकात सिग्नलला दोन मिनिटं थांबून बघा.

आणि गॅलार्डोच हवी असा हट्टच असेल, तर तिला सांगलीत आणू नका. पुण्यात ठेवा. अशा गाड्या सांभाळून देणारे, आठवड्याला इंजिन तापवून चार किलोमीटर फिरवणारे लोक तिथे आहेत. रविवारी पहाटे फॉर्च्युनरनं जा, गॅलार्डो काढा, खंबाटकीपर्यंत या, परत लावा. घरी वॉचमन नाही, रॅम्प नाही, पूर नाही. पण पैसे देण्याआधी तिला हात लावणारा माणूस ठरलेला हवा. त्याचं नाव, त्याच्याकडे कोणता स्कॅनर आहे, त्यानं आधी किती ई-गिअरचे क्लच बदललेत आणि त्या गाड्यांचे मालक फोनवर काय सांगतात, एवढं समजल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. डीलर म्हणेल दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. असू दे. इतक्या वर्षांत तीन मालक झालेली गाडी चौथ्यासाठी पंधरा दिवस थांबेल.

वडिलांना तपासणीला सोबत न्या. ते किमतीवर कुरकुर करतील, पण व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला समोरचा कुठे अडखळतो ते बरोबर कळतं. डीलरशी बोलणं त्यांनाच करू द्या.

क्लचच्या रीडिंगचा कागद, पुद्दुचेरीच्या आरसीची प्रत आणि सर्व्हिसची बिलं हाती आली की मला पाठवा. बिलं नुसती शेवटच्या मालकाची नकोत, पहिल्यापासूनची हवीत. ती बघून किमतीचं बोलू.